म्हशीची शेवटची धार

गाद्यांच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा होता आणि त्यात एक म्हैस राहायची. खरी नव्हे, लोखंडाची. आत माणूस उकिडवा बसेल एवढी गोल पोटाची काळी टाकी, पुढे जाडजूड दार, दाराला वाटोळी काच, पाठीमागे हवा ओढणारा पंप. पंप चालू झाला की ती असा हुंकार भरायची की शेजारच्या गादीवाल्याच्या चहावर लाटा उठायच्या. म्हैस हे नाव काकूंनी ठेवलेलं. "मी लग्न होऊन आले तेव्हा ही आधीच नांदत होती," असं त्या ओळखपाळख नसलेल्यालाही सांगायच्या. "ही थोरली. मी धाकटी."

काकांचा धंदा प्लॅस्टिकला आरशाचा मुलामा द्यायचा. वस्तू धुवायची, लॅकरचा हात द्यायचा, भट्टीत वाळवायची आणि टाकीतल्या सांगाड्यावर तारेनं टांगायची. दार लावून आतली हवा ओढून घ्यायची. मग तारेच्या वेटोळ्यात अडकवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा तापवायचा. काचेआड क्षणभर पांढरं लख्ख व्हायचं, तुकड्याची वाफ व्हायची आणि ती जिथं बसेल तिथं आरसा. लोक त्याला क्रोम म्हणायचे. ते क्रोम नव्हतं, पण काकाही क्रोमच म्हणायचे. गिऱ्हाइकाशी वाद कशाला?

बाटल्यांची झाकणं, टॉर्चच्या वाट्या, शाळांचे बक्षिसाचे कप, यावर घर चाललं. शनिवार मात्र छोट्या मंडळींचा. छोटी म्हणजे वयानं नव्हे. त्यांच्या गाड्या छोट्या. तळहातावर मावणाऱ्या मोटारी, ट्रक, फटफट्या जुळवणारे हे लोक डबीत कापूस घालून नखाएवढे दिवे आणि काडीएवढे बंपर घेऊन यायचे आणि ते काउंटरवर असे ठेवायचे, जणू आत तान्हं बाळ झोपलंय.

पूर्वी हे काम करणारे गावात आणखी तिघं-चौघं होते. एकानं जागा विकली. एक वारला, आणि त्याच्या मुलानं टाकी कापून त्यातून फाटक बनवलं. एक उरला होता, तो गोणीभर माल असेल तरच दार उघडायचा. "नखाएवढ्या दिव्यासाठी टाकीभर हवा ओढू? मला वेड लागलंय का?" असं तो तोंडावर विचारायचा. वेड काकांना लागलेलं होतं, म्हणून सगळी छोटी मंडळी काकांच्या दारात.

त्यात एक होता पाव मिलिमीटर. खरं नाव त्याच्या आईला आठवत असेल. आला की खिशातून भिंग काढायचा आणि लाडीगोडीनं सुरू करायचा, "काका, रागावू नका हं. काम सुंदरच आहे. पण जरा बघा. नाही नाही, असं नाही, भिंगातून. दिसलं? तिथं पातळ बसलंय. जास्त नाही हो, पाव मिलिमीटर!" दुसरी दातांची डॉक्टर. ती फटफट्या जुळवायची आणि सगळ्यांशी पेशंटशी बोलावं तसं बोलायची. "काका, घाबरायचं नाही. थोडंसं दुखेल. तुमच्या सायलेन्सरवर एक बारीकसा डाग आहे. काढून टाकू या, बरं वाटेल."

काका यावर एकच म्हणायचे. "बघतो." आणि पुढच्या शनिवारपर्यंत डाग गेलेला असायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. "मला बघायला आले तेव्हाही 'बघतो'च म्हणाले," काकू सांगायच्या. "अजून बघतायत."

पण गुडघे थकले, डोळे थकले, आणि मुलीनं फोनवरून तगादा लावला की आता इकडेच या, नातवंडं विचारतात. शेवटी काकांनी गाळा गादीवाल्याला देऊन टाकला. महिनाअखेर चावी द्यायची ठरली. छोट्या मंडळींना निरोप गेला: म्हैस आटली, काम बंद.

काकांना वाटलं, आता चार निवांत दिवस मिळतील. झालं उलटंच. कोणी उद्यापासून साखर मिळणार नाही म्हटलं की लोक काय करतात? तेच या मंडळींनी केलं. जो कधी महिन्याला एक डबी आणायचा, तो पिशव्या घेऊन आला. दातांच्या डॉक्टरनं सायलेन्सर, आरसे, हॅण्डल असं जन्माला पुरेल एवढं आणलं. पाव मिलिमीटरनं पुढच्या जन्माचंही आणलं.

"अरे, एवढ्या गाड्या तू बांधणार कधी?" काकांनी घाबरून विचारलं.

"बांधायच्या कोण म्हणतंय, काका? असाव्यात!"

"मग बघतो," काका म्हणाले, आणि आत चहा ठेवणाऱ्या काकूंनी भांडं आपटलं.

म्हैस दिवसाला तीन-तीन धारा देऊ लागली. तिचं वय झालेलं होतं. दाराच्या कडेची रबरी कडी, जिच्यामुळे हवा आत शिरत नसे, ती जागोजागी तडकली होती आणि तसली कडी आता कोणीच बनवत नव्हतं. काका ग्रीस चोपडून वेळ मारून नेत होते. गादीवाला दर तासाला डोकावायचा. "घाई नाही हं, काका. सहज विचारतो. कधी?" त्याच्या गाद्या बोळात छतापर्यंत रचून तयार होत्या.

हळूहळू पिशव्या रिकाम्या झाल्या. सगळ्यांचं काम झालं. उरला एकच नग. बसआजोबांचा बंपर.

बसआजोबा म्हणजे निवृत्त ड्रायव्हर. छोट्या मंडळींत सगळ्यांत गरीब गाय. बाकीचे दहा गाड्या जुळवायचे. यांची एकच बस, तीही कित्येक वर्षं चाललेली. त्यांनी स्वतः चालवलेली बस, आठवून आठवून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून कोरलेली. सगळी झाली होती, खिडक्यांच्या गजांसकट. अडलं होतं ते पुढच्या बंपरपाशी. काकांनी तो चार वेळा करून दिला होता. प्रत्येक वेळी आजोबा तो दारातल्या उजेडात न्यायचे, उलटसुलट करायचे आणि हळूच काउंटरवर ठेवायचे.

"छान आहे."

"मग?"

"छानच आहे हो. पण हा तो नाही."

नेमकं काय नाही, विचारलं तर मान हलवायचे. पाव मिलिमीटरचा राग यायचा आणि जायचा. बसआजोबांचं "छान आहे" मात्र काकांबरोबर घरी यायचं, त्यांच्या ताटाशेजारी बसायचं आणि झोपेत कूस बदलायचं. काकांनी मुलामा उतरवून लॅकर बदललं, ॲल्युमिनियम दुप्पट घातलं, पुसायचा कापूस बदलला. बंपर आणखी लखलखला. आजोबांची मान आणखी हलली.

"एवढी झाकणं, एवढे कप केले," काका काकूंना म्हणाले, "आणि शेवटी लक्षात काय राहणार? एका म्हाताऱ्याचा बंपर जमला नाही. हे घेऊन मला मुलीकडे जायचं नाही."

"मग एकदा करा आणि सुटा," काकू म्हणाल्या. "मीही सुटते."

म्हणून शेवटची धार एकट्या बंपरसाठी. काडीएवढ्या पट्टीसाठी अख्खी म्हैस! काकांनी लॅकर फडक्यातून गाळलं, बंपर पुन्हा पुन्हा धुतला, सांगाड्याच्या बरोबर मधोमध टांगला आणि पंप लावला. म्हैस हुंकारली, पण हुंकारात घरघर होती. हवेच्या दाबाचा काटा खाली येता येता अडला. काकांनी दाराला ग्रीस लावलं. काटा केसभर हलला आणि परत अडला. कुठून तरी हवा शिरत होती. अशा वेळी थांबायचं असतं, हे काका झोपेतही सांगू शकले असते. पण बोळात हमाल उभे होते, गादीवाला "घाई नाही हं" म्हणत होता आणि दहा वाजता आजोबा यायचे होते. काकांनी तार तापवली.

दार उघडलं तेव्हा तडकलेल्या कडीचा लांबच लांब तुकडा हातात आला. म्हणजे म्हशीनं कायमचा राम म्हटला. आणि बंपर पाहून काका मोडक्या स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. दोष चष्म्याचा नव्हता. बंपरवर आरसा बसला होता, पण धुरकट; कोणी त्यावर तोंडानं वाफ सोडावी आणि ती जाऊच नये तसा.

काकू डोकावल्या. "ढगाळलंय," त्या म्हणाल्या.

"आता दुसऱ्यांदा होणार नाही."

"हरवला म्हणून सांगा."

"खोटं बोलू?"

"मग खरं सांगा. नाहीतरी तुम्ही दोन्ही करत नाही. बघतो, बघतो!"

इतक्यात आजोबा आलेच. हातात बूट ठेवायचा खोका, खोक्यात बस. काकांनी उभं राहून घसा खाकरला. त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती: आजोबा, माफ करा, म्हैस थकली, हवा शिरली, पुढचं मला जमणार नाही. त्यातलं "आजोबा" तेवढं बाहेर पडलं. तोवर म्हाताऱ्यानं बंपर उचलून दारात नेलाही होता.

नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. आजोबांनी बंपरवरून अंगठा फिरवला, थोडा तिरका धरला, पुन्हा फिरवला. त्यांची मान हलली नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि काकांना वाटलं, म्हातारा रडतोय. म्हातारा हसत होता.

"अरे, आली की ही!"

"कोण?" काकांनी कसनुसं विचारलं.

"माझी बस! तुम्ही चारही वेळा मला नवीकोरी दिलीत हो. नवी बस मी चालवलीच कुठे कधी? नव्या गाड्या साहेबांच्या लाडक्यांना. माझ्या वाट्याला आली ती आधीच घासून घासून मेटाकुटीला आलेली. रोज सकाळी फडकं मारायचो. कितीही घासा, बाईसाहेब एवढ्याच चमकणार! वाकलो की त्यात माझं तोंड असंच पुसटसं दिसायचं. म्हणायचो, बरंच आहे, सकाळी सकाळी स्पष्ट बघण्यासारखं आहे काय त्यात!"

"पण मग सांगायचं नाही का!" काकांचा आवाज चढला. बहुधा गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदाच.

आजोबा खोक्याकडे बघत राहिले. आवाज खाली आला. "मला तरी कुठं कळत होतं? घरी सगळे म्हणायला लागलेत, आजोबा विसरतात. परवा सुनेच्या बहिणीला सुनेच्या नावानं हाक मारली, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग इथं यायचो. बंपर चांगला, सगळे चांगला म्हणतायत, आणि एकटा मी म्हणतोय हा तो नाही. घरी जाताना वाटायचं, झालं, ज्या बसवर जन्म काढला तीसुद्धा गेली डोक्यातून." त्यांनी बंपर बसला लावून पाहिला. बरोबर बसला. बस एकदम जुनी झाली, आणि खरी. "गेली नव्हती! म्हणजे माझं आठवत होतं तेच बरोबर होतं!"

"अहो, बिघडलाय तो," काकांना राहवेना. "हवा शिरली आत. मी माफी मागणार होतो."

"मग असंच बिघडत जावं माणसानं," आजोबा म्हणाले. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पाठीवरची गोणी कोणीतरी मागून अलगद उचलून घेतल्यावर माणूस जसा क्षणभर झोकांडतो, तसे काका उभ्या जागी झोकांडले.

आजोबा बोळात पोचतात न पोचतात तोच पाव मिलिमीटर आला, पुढच्या जन्माच्या पिशव्या न्यायला. खोक्यात डोकावला, भिंग काढलं आणि तिथंच फतकल मारून बसला.

"काका! हे काय केलंत? हे तर वय आहे! खरं वय! ही चमक जगात कुठं मिळत नाही! काका, माझे सगळे परत घ्या. सगळे असेच ढगाळ करून द्या. रागावू नका हं, फार नाही, अगदी थोडं..."

"पाव मिलिमीटर," आतून काकू म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बोळात गादीवाला, दोन हमाल आणि खोका पोटाशी धरलेले आजोबा, सगळे काकांच्या ओठांकडे बघत होते.

"बघ..." काकांचे ओठ सवयीनं हलले. त्यांनी म्हशीकडे पाहिलं. तिची तुटकी कडी दाराबाहेर लोंबत होती. "नाही," ते म्हणाले.

"काय?" पाव मिलिमीटरला खरंच कळलं नाही.

"नाही," काका पुन्हा म्हणाले. चव चांगली लागली, म्हणून आणखी एकदा म्हणाले. "नाही रे बाबा. आता नाही."

काकूंनी पुढे होऊन म्हशीच्या काळ्या पोटावर थाप मारली. "थोरल्या बाई, सुटलात. चला."

"म्हणजे..." गादीवाल्यानं मान आत घातली. "सहज विचारतो हं. आणू का?"

"आणा!" काका ओरडले.

पहिली गादी आत आली, भिंतीला टेकायच्या आधीच जमिनीवर पडली. काका तिच्यावर बसले. मग नीट बघून, कोणी काही आणून देत नाही ना याची खात्री करून, चप्पल काढून आडवे झाले. हमालांनी त्यांना आणि म्हशीला वळसा घालून बाकीच्या गाद्या रचल्या.