टॉवेल वेगळा ठेव

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मांडीवर नायटा झाला होता आणि बायकोपासून तो मी लपवला.

शिवमंदिराच्या रस्त्यावर वांगणीची एक बाई रानभाज्या विकायची. मला खाजवताना पाहून तिने बटव्यातून टाकळ्याचं बी काढलं. "लिंबाच्या रसात वाटून लाव, दादा. आग झाली तर धुऊन टाक न् डॉक्टरला दाखव. टॉवेल वेगळा ठेव, नाय तर नवराबायको मिळून खाजवाल," म्हणत ती पदराआड हसली.

टॉवेल वेगळा केला असता तर बायकोने कारण विचारलं असतं. म्हणून केला नाही.

माझा नायटा गेला, बायकोला झाला. "माझ्यामुळे तुम्हाला व्हायला नको," म्हणून ती आता वेगळी निजते.

तिला खरं सांगणं अजून बाकी आहे.