गँग मोडायची का ठेवायची

नात बीडला कॉलेजात इंग्रजी शिकते. परवा तिनं विचारलं, "आजी, तू शिकलेला पहिला इंग्रजी शब्द कोणता?" मी म्हणाले, "गँग." ती खूप हसली. मग मोबाइलमध्ये बघून सांगायला लागली, की फार जुन्या इंग्रजीत गँग म्हणजे चालणं, वाट. पुढं सोबत चालणारी माणसं. मग एकत्र वापरायची अवजारं, मग एका कामावरचे मजूर आणि शेवटी दरोडेखोर. चालायला निघालेला शब्द दरोड्याला कसा पोचला, ते मला काही कळलं नाही. मी चौथी शिकलेली.

मला तो शब्द दुष्काळात भेटला. धारूरच्या अलीकडं पाझर तलावाचं काम निघालं. मिस्त्री म्हणाला, "बायांनो, गँग करा." आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. नवरा आणि थोरले दीर सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला गेलते. तिकडं असते ती टोळी. टोळीत म्हातारीला कुणी धरत नाही. मिस्त्रीनं मात्र मी, थोरली जाऊ आणि आमची सासू अशी गँग लिहिली. म्हणजे टोळी वेगळी आणि गँग वेगळी, एवढं मी मनाशी धरलं.

एका गँगला एक खड्डा. खणताना मधोमध मूळ जमिनीचा खुंट, म्हणजे मातीचा खांबच, तसाच ठेवायचा. आठवड्याला त्याची उंची मोजली, की किती माती निघाली ते ठरायचं. मजुरी तिघींत सारखी. कामावर असेल त्यालाच सुकडी, म्हणजे सरकारचं कोरडं खाणं, मिळायची.

सासूला कमी दिसायचं. ती निम्मी पाटी उचलायची. जाऊ धुसफुसायची, "खड्डा आमी खांदायचा अन् वाटणी सारखी, कावून?" ते सासूच्या कानावर गेलं. पहिल्याच मोजणीच्या दिवशी ती आमच्याआधी उठून कामावर गेली. आम्ही पोचलो तर घामाघूम होऊन खड्ड्यात बसलेली. खुंट नाही.

"एवढा ढिगारा मधी तसाच सोडलाता," सासू म्हणाली. "आळशी कुठल्या. मी काढला."

खुंट कशाला ठेवतात, हे सासूला कुणी सांगितलंच नव्हतं.

मिस्त्री आला. "आता काय मोजू? म्हातारीची उंची?" त्यानं कडेवरून मोजलं. कड उताराची होती, काम कमी भरलं. जाताना म्हणाला, "गँग मोडायची का ठेवायची, उद्या सांगा."

"मी तर न्हाई हिच्यासंगं," जाऊ म्हणाली.

सासूला काढलं तर तिची सुकडी बंद. ठेवलं तर जाऊ जाणार, आणि मला एकटीला खड्डा उरकणार नव्हता. शिवाय गँग मोडायची म्हणजे नेमकं काय मोडायचं? घरी चूल तर एकच होती. रात्री त्याच चुलीवरचं तिघींनी खाल्लं.

सकाळी सासू उठेना. तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. जावेनं तिघींच्या भाकरी बांधल्या आणि सासूच्या उशाशी पाटी आदळली.

"उठा आत्याबाई. आज काई काढायचं असलं तर आदी इचारा."

"तू तर न्हाई म्हनलीस."

"म्हनले. आता उठा म्हनते. ऊन चढंल."

कामावर मिस्त्रीनं विचारलं, "गँग तीच का?"

"मंग काय नवी आनू?" जाऊ म्हणाली.

एका रात्रीत तिचं मन कसं फिरलं, ते मी तिला पुढं बऱ्याचदा विचारलं. ती म्हणायची, "मला बी ठावं न्हाई. गप भाकर खा."

आम्हाला नवा खड्डा मिळाला. सासू येता-जाता त्यातला खुंट हातानं चाचपायची आणि आमची कुदळ जरा जवळ आली, की शिव्या द्यायची.