पाच झाडांचं पाणी

हातावर हात ठेवून बसणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणायची, "या पोरीच्या पायाले भिंगरी हाय. हिले कामाले जुंपा, नाईतं घरात भांडणं काढते." खोटं नव्हतं ते. त्या हिवाळ्यात तर मी पाट्या-वरवंट्याशीसुद्धा भांडले असते.

ऐंशीच्या पुढचं कुठलंसं साल. मी बावीस वर्षांची, बी.ए. होऊन सौंसरला घरी बसलेली. बाबा तहसील कचेरीत चपराशी होते, नुकतेच रिटायर झालेले. घर गावाच्या पार कडेला. मागे विहीर, विहिरीच्या खालच्या अंगाला भाजीचे वाफे, आणि वरच्या अंगाला, थोड्या चढावर, बाबांची संत्र्याची पाच झाडं.

पौष-माघात मागची कामं संपत नाहीत. लसणातलं गवत काढा, वांग्याला मातीची भर द्या, भेदराला काड्या लावा (टमाटर म्हणायला आम्ही फार पुढे शिकलो), सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, एक वाफा उपटून दुसरा पेरा, उन्हाळ्याच्या दोडक्या-काकडीसाठी खड्डे करून शेणखत भरून ठेवा. शिवाय चौदा एप्रिलला मिरवणुकीत आपल्या घरचा झेंडू पाहिजे म्हणून त्याचं बी माघातच टाकायचं. हा बाबांचा दरवर्षीचा नेम. त्या वर्षी बाबा मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, खाटेवर पडून होते आणि सगळी कामं माझ्या अंगावर आली होती. कामाचं काही नाही हो, पण खाटेवरून हुकूम! "खुरपं असं धरतेत काय वं? जमीन खाजवून राहिली की गवत काढून राहिली?" मी तिथूनच ओरडायची, "तुमीच या मंग!" आणि ओरडून झालं की जीभ चावायची. कारण ते येऊ शकत नव्हते, आणि का येऊ शकत नव्हते ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

संक्रांतीच्या आधी भाऊ त्यांना नागपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला होता. परत आले तर बाबा खुशीत. "अल्सर निघाला म्हणते. गोया-औषधानं बरं होते." भाऊ मात्र बसमधून उतरल्यापासून नजर देईना. बाबांना खाटेवर टेकवून त्यानं मला आणि आईला विहिरीवर बोलावलं आणि खाली बघत सांगितलं, "होळी निघाली तं खूप झालं, म्हणे डॉक्टर." आईनं तोंडात पदर कोंबला. मग तिनंच डोळे पुसले आणि आम्हा दोघांना बजावलं, "त्याईले कळू द्यायचं नाई. हाय तितके दिवस हासत जाऊ द्या." त्या दिवसापासून घरात सगळे उगीच मोठ्यामोठ्यानं बोलू लागले.

आता त्या झाडांचं सांगते. बाबांचं लहानपण दुसऱ्यांच्या बगीच्यात गेलं. मोहगावच्या बाजूला एका मोठ्या शेतकऱ्याकडे ते झाडावर चढून सल काढायचे, म्हणजे वाळक्या काड्या छाटायचे. संत्र्याला बहार आला की सगळा शिवार गोड वासानं भरून जायचा. बाबा म्हणायचे, "वास फुकट होता, तेवढाच आपला." मग नोकरी लागली, घर झालं, आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनी ही पाच झाडं लावली. लेकरासारखी वाढवली. खोडाला गेरू-चुना लावायचा तर तिथंही माझा हात चालायचा नाही, ब्रश त्यांनाच पाहिजे. झाडं आता बहाराला आली होती. आपल्या झाडांना, आपल्या विहिरीचं पाणी देऊन, पहिला बहार धरायचा, एवढं एकच त्या माणसाच्या डोक्यात होतं.

बहार धरायची आमच्याकडची रीत अशी, की आधी झाड उपाशी ठेवायचं. पौष लागला की पाणी बंद. एक थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, कडा वळतात, काही गळतात, बघवत नाही. याला ताण म्हणतात. काळ्या मातीत तो दीड महिना तरी पाहिजे. मग झाडाखालची माती हलवायची, खत द्यायचं आणि पाणी सोडायचं. तहानलेलं झाड पाणी पिऊन फुलावर येतं. बाबांनी दिवसही ठरवला होता. माघी पौर्णिमेला पाणी, म्हणजे होळीच्या आसपास बहार. खाटेवर पडल्यापडल्या ते बोटांवर हिशेब करायचे आणि मला ऐकवायचे. "होळीले पाय, कसा वास सुटते ते. लोकं रस्त्यात थांबून इचारतीन, कोनाचा बगीचा हाय म्हणून." पाच झाडांचा बगीचा! एरवी मी हसले असते.

होळी. नेमकी होळीच. माझ्या डोक्यात दुसरं काही राहिनाच. भेदराला काडी बांधताना, मेथी खुडताना, विहिरीवर कप्पीचा आवाज ऐकताना, एकच गणित. पौर्णिमेला पाणी, महिन्यानं फूल, आणि डॉक्टर म्हणतो होळी निघाली तर खूप. चार दिवस इकडे-तिकडे झाले तर? बाबा रोज थोडे कमी जेवत होते. आई ताट परत नेताना मला दाखवायची, बोलायची नाही. माझा जीव नुसता टांगणीला. रात्री झोप नाही, दिवसा एका जागी पाय ठरत नाही. आईला सांगावं तर ती रडेल, भावाला सांगावं तर तो म्हणेल तुले काय समजते बगीच्यातलं.

आणि खरंच समजत नव्हतं! मला वाटलं, पाणी दिलं की फूल येतं. मग पंधरा दिवस आधी दिलं तर फूल पंधरा दिवस आधी येईल. इतकं सोपं. बी.ए. झालेली मुलगी मी. नागपूरच्या रस्त्यावर पाटी लावलेली असते ना, अति घाई संकटात नेई, ती आल्या-गेल्या बसमधून वाचत लहानाची मोठी झाले, पण उपयोग काय?

पौष अमावस्येच्या सुमाराला एका दुपारी मी ते केलं. औषध घेऊन बाबांना दोन तास झोप लागायची. आई दळण घेऊन चक्कीवर गेली होती, भाऊ नोकरीवर. मी विहिरीतून बादल्या ओढायला सुरुवात केली. चढावर न्यायच्या, झाडाच्या आळ्यात हळूच ओतायच्या, आवाज होऊ द्यायचा नाही. कप्पी करकर करत होती म्हणून तिला चमचाभर गोडतेल घातलं. माती इतकी भेगाळलेली होती की पाणी पडताच दिसेनासं व्हायचं. "पे माय, पे," मी झाडांशी बोलत होते, "लवकर पे आन लवकर फूल." पाची झाडांना पोटभर पाणी दिलं. वरून कोरडी माती पसरली, त्यावर वाळका पाला टाकला. हाताला फोड आले. पण खरं सांगते, त्या दिवशी महिन्याभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज तोंड काऊन बंद हाय तुहं? तब्येत तं ठीक हाय ना?"

दहा-बारा दिवसांत फांद्यांच्या टोकांना हिरवे ठिपके दिसायला लागले. माझा आनंद पोटात मावेना. कळ्या! दिवसातून दहादा मी काहीतरी निमित्त काढून चढावर जायची. ठिपके उकलले. एकात पान निघालं. म्हटलं असेल एखादं. दुसऱ्यात पान. पाची झाडं फिरले, एकेक फांदी वाकवून पाहिली. पानंच पानं. लुसलुशीत, चमकदार, कोवळी पानं. फूल औषधालाही नाही.

मग कुठे मला कळलं की अर्ध्या तहानेवर झाड फुलत नाही. त्याला पाणी मिळालं, त्याचं भागलं, ते पालवत सुटलं. मोडलेला ताण पुन्हा जोडता येत नाही. मी तिथंच आळ्यात बसले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. काय करून बसले मी! ज्या माणसासाठी केलं, त्याच्याच तोंडचं काढून घेतलं. ती पालवी खुडून टाकावी असंही मनात आलं, पण त्यानं काय बहार येणार होता?

माघी पौर्णिमा उजाडली. बाबांनी सकाळीच आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. "चाल. धर मले. पह्यली बादली माह्या हातानं." मी म्हटलं, "थंडी हाय बाबा, उद्या जाऊ." "पौर्निमा काय उद्या हाय?" आई भाकरी टाकत होती. मी त्यांना धरून नेलं. दहा पावलांवर थांबत, दम घेत. त्यांच्या अंगाचं वजन माझ्या खांद्यावर किती कमी येत होतं!

पहिल्या झाडापाशीच ते थांबले. फांदी हातात घेतली. मग दुसऱ्या झाडाकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे.

"पानी कोनं देलं?"

"वाफ्याचा दांड फुटला असंन," मी म्हटलं. पाण्याच्या सरीला आम्ही दांड म्हणतो.

"दांड खाली हाय. पानी चढावर चढते काय वं?"

मी मान खाली घातली. "मी देलं."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. मी उलट बोलले असते, भांडण झालं असतं, मोकळी झाले असते. पण ते ओरडले नाहीत. त्यांना खरंच समजत नव्हतं. "तुले तं रोज सांगून राहिलो होतो मी. पंधरा दिवस रायले होते फक्त. उतावया नवरा अन् गुडघ्याले बाशिंग, तसं केलं तू. एवढी कायची घाई होती तुले?"

काय सांगणार? कुठलंही खरं उत्तर दिलं तरी डॉक्टरचं बोलणंच बाहेर निघणार होतं. मी खोटं शोधत राहिले, सापडेना, आणि डोळ्यातून घळाघळा पाणी यायला लागलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. फांदी त्यांच्या हातातून कधी सुटली त्यांनाही कळलं नसेल.

"होळी म्हणते काय डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

ते तिथंच आळ्याच्या काठावर टेकले. मग म्हणाले, "तुह्या आईले मालूम हाय?"

"हो."

"बरं. मले समजलं म्हणून तिले सांगजो नोको. ते बिचारी सोताले सांभाळून हाय, मंग लय रडन."

तेवढ्यात आई हात पुसत चढावर आलीच. झाडांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, हे तं पालवलं सारं! बहार गेला काय?"

"गेला," बाबा म्हणाले. "पानी चुकलं माह्यानं. पुढच्या सालले धरू."

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. गिळलं काहीतरी आणि हसली. "हो तं. झाडं कुठं पयून चालली? पुढच्या सालले धरू."

"अन् तू उभी काय रायली?" बाबा मला म्हणाले. "बादली भर. आता कायले तहानेले ठेवतं त्याईले?"