तृतीयेची भरती

आमच्या घरापासून समुद्र किती लांब आहे हे मी शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून एकदा मोजलं होतं. तरी उज्जैनला, फ्रीगंजमधल्या आमच्या दोन खोल्यांत, रोज दोनदा भरती यायची आणि दोनदा ओहोटी. ती आणली माझ्या आत्यानं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कोकणात, अगदी किनाऱ्यावरच्या गावी दिलेली. यजमान गेल्यावर एकुलता मुलगा उरला, तोही वर्षातले आठ महिने मचव्यावर. मचव्याचा तांडेल होता तो. शिडं कधी उभारायची आणि कधी नाही, हे त्यानं ठरवायचं. रिकाम्या घरात एकटी बाई कशी राहणार म्हणून रेल्वेत कारकून असलेल्या बाबांनी तिला इकडे आणलं. पोचवायला तिचा मुलगा स्वतः आला होता. आठ दिवस राहिला. क्षिप्रेच्या घाटावर उभा राहून मला म्हणाला, "ह्याला तुम्ही नदी म्हणता?" मला सख्खा भाऊ नव्हता. त्या आठ दिवसांत मी त्याला दादा म्हणायला लागले आणि तो गेला तेव्हा दोन दिवस जेवले नाही.

नव्या राज्यांच्या गोष्टी तेव्हा चालल्या होत्या. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्य भारत झाला होता, आणि आता मध्य भारतही जाणार, राजधानी भोपाळला होणार, असं टावर चौकात जो तो सांगायचा. त्या वर्षी आपण नेमके कुठले हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. आत्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ती आमच्या मोरीजवळ पाट टाकून बसायची आणि मध्येच हातातलं काम थांबवून म्हणायची, "आता पाणी चढायला लागलं."

पहिल्यांदा मी हसले. मग तिनं मला गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की त्या दिवशी किती वाजता पूर्ण भरती ते कळतं. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमी असेल तर सहा. तिच्याकडच्या सगळ्या बायकांना हे तोंडपाठ. मी वर्गात पहिली यायचे आणि ते कुणाला विसरू द्यायचे नाही, तेव्हा हे गणित मला फार आवडलं. गणित आहे म्हटल्यावर भीती कसली?

पण आत्या सगळंच गणितानं सांगत नव्हती. वारा कधी फिरेल, समुद्र कधी खवळेल, हे ती मोरीच्या ओल्या फरशीवर तळहात टेकवून सांगायची. डोळे मिटून, बराच वेळ. त्या वेळी आई मला हाताला धरून बाहेर न्यायची. उज्जैनच्या कोरड्या हवेत, भर एप्रिलमध्ये, आमच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं. आई बरणी बदलायची, कपाट बदलायची, शेवटी तिनं मीठ उन्हात ठेवून पाहिलं. उन्हातही ते ओलंच.

दर पंधरा दिवसांनी आत्या दादाला पत्र घालायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि मी लिहायचे. ख्यालीखुशाली दोन ओळींत आटपायची, बाकी सगळा समुद्र. अमुक दिवशी उधाण मोठं, तमुक दिवशी पहाटे वारा पडेल, शीड नुसतं लोंबत राहील. दादाचं उत्तर यायचं तेव्हा त्यात शेवटी एक ओळ हमखास असायची: आईनं सांगितलं तसंच झालं. बाबा ती ओळ वाचताना आवाज उगाच खाली आणायचे. आत्या मान हलवायची आणि भाजी निवडायला घ्यायची. दादा आईच्या पत्राशिवाय मचवा काढत नाही, हे त्यांच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवलेले असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की ते परत पाण्यात लोटायचे. त्या पौर्णिमेला अजून वीसेक दिवस होते तेव्हा आत्यानं फरशीवर हात टेकला आणि लगेच उचलून घेतला. भाजल्यासारखा. मला म्हणाली, "कागद घे." मग सांगितलं, "लिही, नारळी पौर्णिमा सरली की तीज ते पंचमी मचवा काढू नको. मालाचं भाडं बुडालं तरी चालेल. काढू नको."

मी लिहायला बसले. मला ते वाक्य गावंढळ वाटलं. पौर्णिमा सरली की तीज, ही काय तारीख झाली? पत्रात महिना, पक्ष, तिथी नीट पाहिजे. बाबांनी पुण्याहून मागवलेलं पंचांग त्या वर्षी आलंच नव्हतं. भिंतीवर टावर चौकातल्या कापड दुकानदारानं दिलेलं हिंदी कॅलेंडर होतं. त्यात राखीच्या पौर्णिमेनंतरचे दिवस मी बोटानं शोधले आणि माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं: भाद्रपद वद्य तृतीया ते पंचमी समुद्र फार वाईट, मचवा काढू नये. खाली रेघसुद्धा मारली. पत्र मीच पेटीत टाकून आले.

नारळी पौर्णिमेला आत्यानं नारळीभात केला. ती खुशीत होती. मुलाला पत्र पोचलं असणार, तो पंचमीपर्यंत घरात पाय पसरून झोपणार, असं दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला. आत्या मला ताक देत होती. तो हसत म्हणाला, "बाईसाब, आज से भादों लग गया. अब बच्ची को छाछ मत पिलाओ."

आत्याही हसली. हिंदी तिला कळायची, बोलता यायची नाही. ती मला म्हणाली, "त्याला सांग, तुमचा भादवा तुमच्यापाशी. आमच्याकडे अजून पंधरा दिवस श्रावणच आहे."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. आपल्याकडे अमावास्येला. म्हणजे कालच्या पौर्णिमेनंतरचा पंधरवडा उज्जैनच्या कॅलेंडरात भाद्रपदाचा, आणि दादाच्या पंचांगात श्रावणाचा. भाद्रपद वद्य तृतीया त्याच्याकडे यायला अजून एक अख्खा महिना होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. उज्जैनच्या कुठल्याही मराठी पोराला हे ठाऊक असतं. महाकालाची सवारीसुद्धा इथल्या लोकांचा श्रावण संपला तरी आपल्या श्रावणाच्या सोमवारी निघते, दरवर्षी ती बघायला मी बाबांच्या खांद्यावर बसून गेलेली. देवाला दोन्ही महिने सांभाळता येत होते. मला, पहिल्या नंबरच्या मुलीला, एक पत्र लिहिताना ते आठवलं नाही.

मी बाबांच्या मागे धावत सुटले आणि त्यांना स्टेशनाच्या वाटेवर गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं मारतील. त्यांनी मला मारलं नाही, सरळ तारघर गाठलं. तार केली: मचवा काढू नको, तीज ह्याच महिन्याची. पण तार तालुक्यापर्यंत जाणार, तिथून माणूस खाडी उतरून गावात नेणार. पावसाळी दिवस. बाबा परत आले आणि मला म्हणाले, "आत्याला काही बोलायचं नाही. तार पोचेल."

दोन दिवस मी आत्याच्या डोळ्यांना डोळा दिला नाही. ती मात्र मजेत होती, गुणगुणत होती.

तृतीयेला मी शाळेत गेले नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं. बाहेर उज्जैनचं आकाश स्वच्छ, ऊन पडलेलं. पावसाचा टिपूस नाही. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. जेवणं झाली, आई आतल्या खोलीत आडवी झाली. आत्या मोरीजवळ बसून तांदूळ निवडत होती आणि मी तिच्यासमोर भिंतीला टेकून घड्याळाकडे पाहत होते.

दोन वाजायच्या सुमाराला मला आवाज ऐकू आला. मोरीच्या भोकातून येत होता. आधी वाटलं कुणी शेजारी पाणी सोडलं. पण पाणी सोडल्याचा आवाज थांबतो. हा वाढायचा, मागे जायचा, मग आणखी वाढायचा. मी समुद्र पाहिलेला नव्हता, तरी ती गाज आहे हे मला कळलं. कसं कळलं ते आजही सांगता येणार नाही. मोरीचा काठ ओला झाला, मग त्याच्या बाहेरची फरशी. पाणी कुठून येताना दिसत नव्हतं. ओल नुसती पुढे सरकत होती, माझ्या पायांकडे. मी पाय वर घेतले.

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "तुलाही ऐकू येतंय गो, बाय?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिनं ओल्या फरशीवर दोन्ही हात टेकवले आणि डोळे मिटले. ती किती वेळ तशी होती कोण जाणे. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चेहरा मात्र शांत.

"कुणाचा तरी मचवा गेला," ती म्हणाली. "कुणा बाईचा तरणा मुलगा गेला गो आज. तिला अजून माहीतही नसेल."

मी बोलू शकले असते. दोनच शब्द लागले असते. आत्या उठली, तिनं डोक्यावरून थंड पाण्याची आंघोळ केली, देवापाशी दिवा लावला आणि त्या नसलेल्या, न पाहिलेल्या बाईसाठी हात जोडून बसली. संध्याकाळी ती जेवली नाही. आईला म्हणाली, आज एका आईचा घास उतरणार नाही, मला कसा उतरेल? रात्रीपर्यंत फरशी सुकली. सकाळी तिच्यावर पांढरी रेघ उमटलेली होती, मिठाची, मोरीपासून जिथे माझे पाय होते तिथपर्यंत. आईनं ती दोनदा घासली.

नवव्या दिवशी पत्र आलं. आत्याच्या दिरानं लिहिलेलं. बाबांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि तिला सांगितलं. मचवा तृतीयेला सकाळी निघाला होता, कौलं भरून. चौघांपैकी दोघे फळीला धरून किनाऱ्याला लागले. दादा लागला नाही. तार पंचमीला पोचली.

आत्या रडली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "मग मी त्या दिवशी आंघोळ केली ती माझ्याच लेकाची." आणि बाबांकडे हात केला. पत्र मागितलं. पत्र घेऊन तिनं ते माझ्या हातात दिलं.

"तू वाच. तुझ्या बाबानं काहीतरी गाळलंय."

बाबा दारात उभे होते. मी वाचलं. बाबांनी गाळलेल्या ओळीही वाचल्या, कारण माझ्या नजरेला त्या इतरांहून मोठ्या दिसत होत्या. दिरानं लिहिलं होतं की निघताना आम्ही त्याला थांब म्हटलं, आभाळ बरं दिसत नव्हतं. तर हसून म्हणाला, आईनं भाद्रपद वद्यातलं सांगितलंय, त्याला महिना आहे, ह्या पंधरवड्यात काही होत नाही. वहिनी, तुमच्या शब्दावर गेला तो.

आत्यानं कपाळाला आठी घातली, आठवल्यासारखं केलं.

"भाद्रपद?" ती म्हणाली. "मी भाद्रपद म्हटलं होतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कळलं: पोरी, स्वतःला वाचव. मी अकरा वर्षांची होते. मी म्हटलं, "हो, आत्या. तूच सांगितलंस."

तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मी तिथेच सगळं ओकले असते. संशय नव्हता. "मग माझंच चुकलं," ती म्हणाली.

बाबांनी ही गोष्ट पुढे कधी काढली नाही, आणि मी काढावी अशी त्यांची इच्छाही नव्हती. मला वाचवलं असं त्यांना वाटत होतं. मला मोरीतला तो आवाज दर वद्य तृतीयेला ऐकू यायचा, घर बदललं तरी यायचा, लग्न होऊन देवास गेटजवळ राहायला गेले तिथेही आला. आत्याला पुन्हा ऐकू आला की नाही ते माहीत नाही. तिनं समुद्राचं नाव टाकलं. फरशीला हात लावला नाही. आई लाडू कधी करू म्हणून विचारायची तरी म्हणायची, माझं खरं धरू नका.

ती आणखी एकवीस वर्षं जगली. आकाशात चंद्र बघून तिथी सांगणारी ही बाई. रोज सकाळी चूळ भरून झाली की ती मला हाक मारायची, माझ्या लग्नानंतर भेटायला गेले की तेव्हाही, आणि विचारायची, "बाय, आज तिथी कोणती गो? महिनाही सांग. माझा भरवसा नाही." मी सांगायचे. ती दोनदा म्हणून घ्यायची, पाठ व्हावी म्हणून, आणि म्हणायची, तू सांगतेस म्हणजे बरोबरच असणार.