फोन लागला नाही

हे माझ्या आईलाही ठाऊक नाही. आईपासून मी तसं फार थोडं लपवलंय — नववीत शाळा सोडली ते घरी जाऊन मीच सांगितलं, चुलत्याची सायकल परस्पर विकली तेही सांगितलं, मार खाल्ला. पण हे नाही सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघतो.

मी चंद्रपूरकडचा. परळला एका बंद गिरणीच्या जागेवर काचेची इमारत आहे, तिच्यात एका विमान कंपनीचं ऑफिस. तिथे मी पँट्रीत आहे. चहा, झेरॉक्स, प्रिंटरला कागद घालणं. ही नोकरी मला सुर्वे सरांनी लावून दिली. लालबागला त्यांच्या चाळीखालच्या खानावळीत मी ताटं उचलायचो. एकदा जेवता जेवता म्हणाले, "पळतोस बरा तू. आमच्याकडे ये, पळणारा माणूस पाहिजेच आहे." एवढ्यावर. माझं आडनावसुद्धा तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.

सर डिस्पॅचर होते. गावी मी सांगून टाकलं की आमचे सर विमान उडवतात. त्यांना कळलं तेव्हा हसले. "उडवत नाही रे गजा, सोडतो." म्हणजे असं — विमान कुठल्या वाटेने जाणार, इंधन किती घेणार, उतरायच्या ठिकाणी हवा बिघडली तर कुठल्या दुसऱ्या विमानतळावर वळणार, हे सगळं खाली बसून डिस्पॅचर ठरवतो. पायलटबरोबर त्याचीही सही असते. सरांनी सही केल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. मला याचा इतका अभिमान — जणू सही माझीच.

मग टाळेबंदी आली. सगळी विमानं जमिनीवर. महिन्या-दोन महिन्यांनी थोडी सुरू झाली तेव्हा माणसं अर्धीसुद्धा उरली नव्हती. बाकीच्यांना घरी बसवलेलं. आधी सर एका भागाची विमानं बघायचे, आता जवळपास सगळी त्यांच्याच टेबलावर. आणि नियम रोज वेगळे. हा विमानतळ दुपारपर्यंतच, त्या राज्यात उतरायचं नाही, वाटेत कुठे थांबलात तर पायलटला बाहेर पडायला बंदी. सर एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानाला मोबाइल लावून बसायचे. मी केलेला चहा टेबलावरच थंड व्हायचा.

माझी राहायची सोय तेव्हा तुटली होती. खानावळीच्या माळ्यावर झोपायचो, ती खानावळच बंद. सरांनी घरी नेलं. चाळीतली एक खोली — सर, वहिनी, मुलगी, सरांची आई. त्यात बाहेरून आलेला मी, रोज ऑफिसला जाऊन येणारा. लोक तेव्हा सख्ख्या भावाला दारात उभं करत नव्हते. वहिनींनी पहिल्या दिवशी मला साबण दिला, नळाकडे बोट दाखवलं, आणि आंघोळ करून आलो तर पान मांडलेलं. "जेवूक बस. लाजतंस कित्याक?" मालवणी मला तेव्हा कळत नव्हतं. हे कळलं.

सरांना चिडवायच्या त्या — "हे विमानांसाठी दुसरी जागा शोधून ठेवतत, स्वतःसाठी काय नाय." सर हसायचे. मीही हसायचो.

पुढच्या छाटणीत सरांचं नाव आलं. दुपारची पाळी होती, टेबलावरच व्हिडिओ कॉल आला. कॉल संपला. एक विमान त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी नीट सोडलं. मग हेडफोनची वायर गुंडाळली आणि उठले. मी पँट्रीच्या दारात उभा होतो. माझी नोकरी राहिली होती — माझ्यासारख्याला काढून वाचणार तरी काय?

थोड्या दिवसांनी मी डिलाईल रोडला एका खाटेपुरती जागा बघून निघालो. जा असं वहिनी म्हणाल्या नव्हत्या. पण ज्या घरात कमावता माणूस बसला, तिथे माझं पान कशाला? तेव्हा मला एवढं कळत होतं. हे मुद्दाम सांगतोय. म्हणजे मी न कळणारा नव्हतो.

आता इथून पुढचं.

विमानं वाढली, माणसं वाढली नाहीत. उरलेले डिस्पॅचर रडकुंडीला आले. एकाला टेबलावरच चक्कर आली. मॅडम, म्हणजे आमच्या तिथल्या मुख्य, त्यांनी मला एक दिवस खुर्ची दिली. विमानतळांना फोन करायचा, विमान कधी निघालं विचारायचं, स्क्रीनवर वेळ भरायची. एवढंच काम. पण खुर्ची होती, चाकं असलेली. आणि मॅडम मला गजानन म्हणायला लागल्या. गजा नाही, ए नाही. मी गावी फोटो पाठवला. आईने तो शेजारपाजारी दाखवला.

असे काही महिने गेले. मग वरून परवानगी आली — काढलेल्यांपैकी थोड्यांना परत घ्या. मॅडमना मान वर करायला सवड नव्हती, म्हणाल्या, "गजानन, तू सगळ्यांना फोन लाव. हो म्हणतील त्यांची नावं मला संध्याकाळच्या आत वर द्यायचीत. आणि सुर्वेंना आधी. ते आले ना, की तुझ्यावरचं हे ओझंही जाईल."

त्या चांगल्या मनाने बोलल्या. मी काय ऐकलं? खुर्ची जाणार. परत पँट्री. आणि पँट्रीत तेव्हा तसं काम होतं कुठे — म्हणजे कदाचित गावीच. घाबरलो. हे कारण म्हणून सांगत नाही. घाबरलो, एवढं खरं.

जिन्यात जाऊन फोन लावला. सरांनी लगेच उचलला.

"बोल रे गजा. आज कशी आठवण?"

मी म्हणालो, "सहज सर. जेवलात का?"

ते म्हणाले, "जेवलो. तू?" मग इकडचं तिकडचं. मुलीचा अभ्यास, आईचे गुडघे. ठेवताना हळूच विचारलं, "काय रे — ऑफिसात कोणाला बोलावतायत का परत? काही कानावर?"

मी म्हणालो, "नाही सर. अजून तरी काही नाही."

आत आलो. मॅडमनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "सुर्वे?"

मी म्हणालो, "फोन लागला नाही."

"परत लावून बघ."

परत लावतो म्हणालो. लावला नाही. संध्याकाळी नावं वर गेली. सरांच्या जागी एक तरुण मुलगा आला. आल्यावर माझं काम त्याने घेतलं. खुर्चीही. मी परत पँट्रीत. म्हणजे ज्याच्यासाठी केलं ते आठवडाभरही टिकलं नाही. टिकलं असतं तर काय, बरं वाटलं असतं मला?

डिस्पॅचरचं असं असतं की बरेच दिवस टेबलापासून दूर राहिलात, तर परत तपासण्या, परत परीक्षा. कंपनीत असलात तर कंपनी करून घेते. बाहेरच्याचं कोण करणार? सरांनी आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळ्यांना तरुण मुलं हवी होती. आता ते माझगावला एका पार्सलच्या गोडाऊनमध्ये आहेत, कुठला टेम्पो कधी निघणार ते बघतात. मला म्हणाले, "डिस्पॅचच आहे रे. फक्त उडत नाही." मी हसलो. त्यांना हसवायचं होतं, म्हणून हसलो.

यंदा त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला, दादरला एका हॉलमध्ये. मला घरच्यासारखं बोलावणं. मुलाचे वडील सरांना म्हणाले, "तुम्ही विमान कंपनीत होतात ना?" सर म्हणाले, "होतो." आणि माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढलं. "हा गजा. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यातला एक विचारायला आला नाही हो. याने मात्र एकदा भर दुपारी कामातून फोन केला. का, तर जेवलात का विचारायला."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमचो झीलच तो," म्हणाल्या — झील म्हणजे मुलगा — आणि माझ्या पानात अजून एक वडा घातला.

तो मी खाल्ला. सगळा खाल्ला.

सर अजून ती गोष्ट सांगतात. घरी कोणी नवीन आलं की सांगतात. मी समोर असतो. मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं, किती साधा मुलगा आहे.

फोन लागला होता. पहिल्याच रिंगला उचलला होता त्यांनी.