गच्चीवरचं विरजण

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी मंडईत मेथीची जुडी निवडत होतो. "हे गेले," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं?"... त्यांचा नवरा, माझा मित्र दिगंबर, निवृत्तीनंतरही सतत कुठंतरी खाणीवर जाणारा माणूस, मला दुसरं काही सुचलंच नाही. फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ मेथी हातात धरून उभा होतो.

त्याची सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत रसायनतज्ज्ञ म्हणून गेली. बंद पडलेल्या खाणीत साठलेलं पाणी आंबट होतं, ते ओढ्याला उतरलं की मासा जगत नाही. आंबटपणा मारायला चुना टाकून लोक थकतात. दिगंबर म्हणायचा, "चुन्यापेक्षा जंतू बरे. खायला घाला, आपलं काम आपण करतात." निवृत्तीनंतर जुळे सोलापूर भागातल्या घराच्या गच्चीवर, एका निळ्या ड्रममध्ये त्याने ते वाढवले. हवा त्यांना सोसत नाही, म्हणून झाकण घट्ट. शेण, उसाचा चोथा आणि मळी हा त्यांचा खुराक. कॅनमधून आणलेलं खाणीचं पाणी थोडं थोडं घालून तो त्यांना आंबटाची सवय लावायचा. त्या काळ्या गाळाला तो विरजण म्हणायचा. वास मात्र कुजक्या अंड्याचा! शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. वहिनी म्हणायच्या, "माझी सवत गच्चीवर राहते." यंदा ते विरजण एका बंद खाणीच्या तळ्यात पडायचं होतं. त्याआधी तोच गेला.

सुतक फिटलं त्या दिवशी मी पोहोचलो, तर माढ्याहून आलेले त्याचे थोरले भाऊ, अप्पा, गच्ची धूत होते. ड्रम पालथा पडलेला. सुतकातलं साठवणीचं पाणी आमच्याकडे ठेवत नाहीत, ओतून देतात. अप्पांनी तेच केलं होतं.

"अप्पा, ड्रममधलं कुठं टाकलंत?"

"मागं गटारीच्या कडंला. लई घाण झालं हुतं की. दिगूच्या घरात असलं पानी न्हाय ठेवायचं. सोताच्या हातानं घासलं बगा."

त्यांचे हात कोपरापर्यंत काळे आणि डोळे भरलेले. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. धाकट्या भावासाठी शेवटचं काही करायला मिळालं म्हणून तो म्हातारा माणूस समाधानात होता. त्याला काय सांगायचं? मी खराटा घेतला आणि त्यांच्याबरोबर गच्ची झाडू लागलो.

पुढच्या आठवड्यात मी वहिनींकडे असताना दिगंबरच्या मोबाइलवर खाणीवरून फोन आला, "सर विरजण पाठवणार होते..." मी "बघतो" म्हणालो. काय बघणार होतो, देव जाणे.

गटारीच्या कडेला काळा गाळ होता, वासही तोच. पण असले जंतू कुठल्याही गटारीत असतात, हे दिगंबरनेच सांगितलेलं. मग हा गाळ त्याचा की कॉलनीचा? तरी मी बादल्या भरून ड्रममध्ये टाकला, चोथा आणि मळी घातली, उरलेल्या कॅनमधलं खाणीचं पाणी ओतलं. दोन दिवसांत वास पार गेला. आंबट पाण्यात जंतू तगले तरच तो परत येणार होता.

"भाऊजी, कधी येईल हो?" वहिनी रोज विचारायच्या.

काल सकाळी त्यांचा फोन आला. "आला, भाऊजी... वास आला." पुढे नुसतं रडणं. तो दिगंबरच्या जंतूंचा की गटारीतल्यांचा, मला अजून ठाऊक नाही, आणि खाणीवाल्यांना काय कळवावं तेही ठरत नाही. मग त्या म्हणाल्या, "इथंच बसलेय मी, ड्रमापाशी. चहा वरच घेऊन आले."