शनीच्या नजरेला नजर

लांडग्याच्या तोंडातून मेंढरू सोडवून आणणारी भूम गावची नागूबाई भीत होती ती एकट्या शनीला. शनिवारी तेल वाहायला जायची, तेसुद्धा बाजूला उभी राहून, मान वळवून. त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही, हे सासूनं शिकवलेलं. नागूबाईची पन्नाशी उलटली होती खरी, पण सासूचा शब्द मोडण्याइतकी ती अजून मोठी झाली नव्हती!

आणि तिच्याच पोटची शिवकन्या पुण्याला निघाली होती, शनीचाच अभ्यास करायला. तिथल्या संशोधन संस्थेत जागा मिळाली होती, संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. बापानं, गुंडाप्पानं, नेहमीसारखे हात वर केले. "तुझ्या आईला इचार." आईचं मन मोडून जाणारी पोर नव्हती ती. सगळं येऊन नागूबाईच्या एका शब्दावर अडलं.

"त्यापरीस गुरूचा कर की अभ्यास. लग्नाला तरी बळ मिळंल," नागूबाई म्हणाली. "शनीकडं दुर्बिणीतनं टक लावून बघायचं म्हंजी साडेसातीला घरी जेवाया बोलवायचं."

शिवकन्या हसली. "टक लावायचीच न्हाय, आई. एक यान गेलतं, लई वर्षं त्येच्याभवती फिरलं. तिथं ईज भरलेले बारीक कण सुसाट पळत्यात, डोळ्याला दिसत न्हायत. यानानं ते मोजून धाडले. ते आकडे आमी तपासणार. कण वाढत्यात, कमी व्हत्यात, पुन्ना वाढत्यात. साडेदहा-पावणेअकरा तासाला एक फेरा."

"कशामुळं?"

"त्येच तर अजून कुणाला पुरतं कळलं न्हाय."

नागूबाईनं हातातला मेंढरांचा पाला खाली ठेवला. साऱ्या जगाला न उमगलेलं, आणि ते शोधायला आपल्या पोरीला बोलावणं? तिचा ऊर भरून आला. भीती काही पळाली नाही, पण आनंद तिच्यावर वरचढ झाला. "कळव त्यास्नी, येती म्हणून," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

आठवडी बाजारात शेजारच्या प्रेमाबाईनं तिला गाठलंच. "अगं बया, पोरीला शनीच्या तोंडी दिलंस व्हय?"

"तोंडी कशाला? नाडी बघाया चालली ती त्येची," नागूबाई ऐटीत म्हणाली. "आन् नाडी बघणाऱ्यावर कुणी डोळं वटारतं व्हय?"